सोन्याच्या सहा अणूंवर घडणारी अभिक्रिया संगणकावर कशी तपासावी

मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयातून एम.एस्सी. करून संगणकीय रसायनशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापाशी साधारणतः आठ किंवा सोळा कोअरचा एक डेस्कटॉप, लिनक्सची जुजबी ओळख आणि अभ्यासक्रमात शिकलेले श्रोडिंगर समीकरण एवढी सामग्री असते. धातूचे लहान अणुसमूह, म्हणजेच नॅनोक्लस्टर, आणि वायूचे रेणू यांच्यातील अभिक्रिया समजून घेण्यास एवढी सामग्री पुरेशी आहे. अपुरी पडते ती बहुधा एकच गोष्ट, आणि ती म्हणजे उत्तर तपासण्याची सवय. इनपुट फाइल चुकीची असली तरी संगणक दशांश चिन्हानंतर दहा अंकांपर्यंत उत्तर देतोच, आणि ते उत्तर बरोबर उत्तराइतकेच नीटनेटके दिसते. म्हणून या लेखात एकच अभिक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतली आहे आणि प्रत्येक टप्प्यावर काय करायचे यापेक्षा काय पडताळायचे यावर अधिक भर दिला आहे.

प्रश्न नेमका मांडणे

झवेरी बाजारातले सोने मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेतही काळवंडत नाही, कारण ठोस सोन्याच्या पृष्ठभागाला ऑक्सिजनशी फारसे देणेघेणे नसते. परंतु मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, धातूंच्या ऑक्साइडवर पसरलेले काही नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण शून्याखालील तापमानालाही करतात. पुढे, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कोणत्याही आधाराशिवाय वायू अवस्थेत तरंगणाऱ्या सहा अणूंच्या सोन्याच्या ऋणायनावर, म्हणजे ऋण प्रभार असलेल्या समूहावर, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र येऊन सामान्य तापमानाला कार्बन डायऑक्साइड तयार होत असल्याचा पुरावा मिळाला. आपल्या दृष्टीने हा समूह आदर्श आहे: अणू मोजके आहेत, पार्श्वभूमीला आधाराचा गुंता नाही आणि तुलनेसाठी प्रयोग उपलब्ध आहे. वाहनांच्या धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तकात प्लॅटिनम आणि पॅलेडियम हेच काम करतात, त्यामुळे पश्चिम द्रुतगती महामार्गावर रोज अडकणाऱ्या मुंबईकरासाठी हा विषय पुस्तकी राहत नाही.

«सोन्यावर अभिक्रिया कशी होते» हा प्रश्न संगणकाला विचारता येत नाही. विचारता येतात ते याहून लहान प्रश्न. ऑक्सिजनचा रेणू समूहाच्या कोणत्या अणूला आणि किती घट्ट चिकटतो? तो चिकटल्यावर त्यातील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध किती ताणला जातो? शेजारी कार्बन मोनॉक्साइड बसू शकतो का, आणि बसल्यास दोघांच्या मध्ये ऊर्जेचा केवढा अडसर उभा राहतो? तयार झालेला कार्बन डायऑक्साइड सहज सुटतो का? ही प्रश्नावली कामाला हात घालण्यापूर्वी कागदावर लिहून काढावी, कारण यातील प्रत्येक प्रश्न म्हणजे स्वतंत्र गणना असते.

यंत्र आणि प्रणाली

आधाराशिवायच्या, प्रभार असलेल्या समूहासाठी ऑर्का ही प्रणाली सोयीची आहे. शैक्षणिक कामासाठी ती नोंदणी करून विनामूल्य मिळते. समूह एखाद्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर ठेवायचा असेल, तर क्वांटम एस्प्रेसो किंवा सीपी२के या मुक्त प्रणाली घ्याव्यात. प्राथमिक चाचपणीसाठी एक्सटीबी, रचना बांधण्यासाठी व पाहण्यासाठी अ‍ॅव्होगॅड्रो आणि सगळ्या फाइली सांभाळण्यासाठी पायथनमधील एएसई हे संच उपयोगी पडतात. घनता फलन सिद्धांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची पद्धत, ज्याला प्रयोगशाळेत सर्वजण डीएफटी म्हणतात, हाच येथील मुख्य गणनांचा आधार आहे. होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी १९६४ व १९६५ मध्ये त्याचा पाया घातला आणि वॉल्टर कोन यांना १९९८ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यासाठीच मिळाला.

यंत्राविषयी एकच व्यावहारिक सूचना. अशा गणना रात्रभर किंवा सलग काही दिवस चालतात, आणि मुंबईत मे महिन्यात बंद खोलीत वातानुकूलन नसेल तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. यूपीएस असावाच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातील वीज एकाएकी गेली होती, आणि असा प्रसंग क्वचित येत असला तरी अर्धवट राहिलेली गणना पुढे नेण्यासाठी लागणाऱ्या रीस्टार्ट फाइली ठरावीक अंतराने दुसऱ्या डिस्कवर जात आहेत याची खात्री पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

आधी काटा तपासावा

सहा अणूंच्या समूहाची जी एकूण ऊर्जा ऑर्का छापते, ती सुमारे बावीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) असते, आणि आपल्याला हवा असलेला फरक असतो अर्ध्या किंवा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. सराफ अंगठी डबीसकट तोलतो आणि मग रिकाम्या डबीचे वजन वजा करतो, तेव्हा दोन्ही वेळा काटा तोच असावा लागतो. येथेही समूह, रेणू आणि समूहावर बसलेला रेणू या तिन्हींच्या गणना एकाच फंक्शनलने (घनतेवरून ऊर्जा काढण्याचे अंदाजी सूत्र), एकाच बेसिस सेटने (इलेक्ट्रॉनांचे कक्षक ज्या फलनांतून रचले जातात तो संच), एकाच अचूकतेच्या मर्यादेने आणि शक्यतो प्रणालीच्या एकाच आवृत्तीने कराव्यात. एक गणना घाईत वेगळ्या मांडणीने केली गेली, तर पुढची सगळी वजाबाकी निरर्थक ठरते आणि हे कोणत्याही छापील इशाऱ्यातून कळत नाही.

सुरुवातीसाठी पीबीई किंवा टीपीएसएस फंक्शनल, ग्रिम यांची डी३ ही दुरुस्ती (रेणूंमधील क्षीण आकर्षणासाठी) आणि डेफ२-टीझेडव्हीपी बेसिस सेट घ्यावा. सोन्याच्या ७९ इलेक्ट्रॉनांपैकी आतले ६० इलेक्ट्रॉन या संचात एका प्रभावी विभवाने दर्शवले जातात आणि उरलेले १९ प्रत्यक्ष हिशेबात येतात. हे विभव केवळ वेळ वाचवत नाही. सोन्याच्या केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग इतका मोठा असतो की सापेक्षतेचे परिणाम दुर्लक्षून चालत नाही, आणि ते परिणामही याच विभवातून गणनेत येतात. ऋणायनातील जादा इलेक्ट्रॉन सैलसर पसरलेला असतो, म्हणून बेसिस सेटमध्ये दूरवर पसरणारी, डिफ्यूज म्हटली जाणारी फलने जोडलेली आवृत्ती वापरून उत्तर किती बदलते ते पाहावे.

यानंतर मुख्य अभिक्रियेला हात न लावता चार लहान गणना कराव्यात. एकट्या सोन्याच्या अणूची इलेक्ट्रॉन आसक्ती, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटणारी ऊर्जा, प्रयोगानुसार २.३१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. आपली पद्धत किती देते? सोन्याच्या दोन अणूंच्या रेणूतील अंतर २.४७ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), बंध तोडण्याची ऊर्जा सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि कंपनाची वारंवारता सुमारे १९१ प्रति सेंटिमीटर आहे. पीबीईने अंतर थोडे जास्त येते, तेवढे चालते. कार्बन मोनॉक्साइडमधील अंतर १.१२८ आंगस्ट्रॉम आहे. त्याचे कंपन प्रयोगात २१४३ प्रति सेंटिमीटरवर दिसते, परंतु संगणक हार्मोनिक, म्हणजे बंध आदर्श स्प्रिंगसारखा धरून काढलेली, वारंवारता देतो, म्हणून तुलना २१७० शी करावी.

चौथी गणना ऑक्सिजनची, आणि ती सर्वात बोधप्रद आहे. ऑक्सिजन रेणूचे दोन अणूंत विघटन करण्याची ऊर्जा पीबीई प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ एक इलेक्ट्रॉन-व्होल्टने अधिक सांगते. ही त्रुटी सर्वज्ञात आहे आणि आपल्या इनपुटमध्ये चूक नसतानाही ती येणारच. ज्या पायरीवर ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो, त्या पायरीच्या ऊर्जेकडे म्हणूनच सावधपणे पाहावे आणि तीच पायरी पीबीई० सारख्या हायब्रिड फंक्शनलने पुन्हा मोजून दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत.

इलेक्ट्रॉन मोजणे

या विषयातील नवशिक्यांच्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मी स्वतः पहिल्या प्रकल्पात समूहाची बहुलता, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत एक मिळवून येणारा आकडा, चुकीची धरून तीन आठवड्यांची गणना केली होती, आणि ती चूक लक्षात आली ती केवळ एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अधिशोषण ऊर्जेचा, म्हणजे रेणू समूहाला किती घट्ट चिकटतो याचा, आकडा पाहून «हा रेणू इतका घट्ट कसा बसेल?» असे विचारल्यामुळे.

हिशेब असा आहे. सोन्याच्या सहा अणूंचे इलेक्ट्रॉन ६ × ७९ = ४७४, त्यात ऋण प्रभाराचा एक मिळवला की ४७५. ही संख्या विषम आहे, म्हणजे किमान एक इलेक्ट्रॉन एकटा राहणारच, आणि समूहाची बहुलता २, म्हणजे डब्लेट, असते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात आणि त्याची मूळ अवस्था ट्रिप्लेट, म्हणजे बहुलता ३ असते. प्रोग्रॅमला बहुलता १ सांगितली, तर तो विनातक्रार उत्तेजित अवस्थेतल्या ऑक्सिजनची ऊर्जा काढून देतो आणि त्या संदर्भावरून काढलेले अधिशोषण प्रत्यक्षाहून कितीतरी घट्ट दिसते. दोघे एकत्र आले की एकूण इलेक्ट्रॉन ४९१, पुन्हा विषम. एकट्या इलेक्ट्रॉनांची मांडणी डब्लेटही असू शकते आणि क्वार्टेटही (बहुलता ४). दोन्ही मोजावेत आणि कमी ऊर्जेची अवस्था स्वीकारावी. रेणू दूर असताना दोन्ही अवस्था जवळजवळ समान ऊर्जेच्या असतात, आणि रेणू जवळ येऊन समूहाकडून इलेक्ट्रॉन घेऊ लागला की डब्लेट खाली जाते.

संदर्भ ऊर्जा मात्र नेहमी दोन स्वतंत्र गणनांतून घ्यावी: समूह डब्लेटमध्ये आणि ऑक्सिजन ट्रिप्लेटमध्ये. दोघांना एकाच फाइलमध्ये दहा आंगस्ट्रॉम अंतरावर ठेवून संदर्भ काढण्याचा मोह टाळावा, कारण तेथे इलेक्ट्रॉन कोणत्या मांडणीत स्थिरावतील याची शाश्वती नसते. प्रत्येक आउटपुट फाइलमध्ये स्पिनच्या वर्गाचे (S²) सरासरी मूल्य छापलेले असते. ते शुद्ध डब्लेटसाठी ०.७५, ट्रिप्लेटसाठी २.०० आणि क्वार्टेटसाठी ३.७५ असते. डब्लेट म्हणून मागितलेल्या गणनेत १.७ सारखा आकडा दिसला, तर तेथे दोन अवस्थांची सरमिसळ झाली आहे असे समजावे आणि त्या ऊर्जेवर पुढचे काही उभारू नये.

सम-विषमतेचा हा हिशेब केवळ औपचारिक नाही. सोन्याच्या लहान ऋणायनांपैकी दोन, चार, सहा अशा सम अणूंचे समूह ऑक्सिजनला बांधतात आणि विषम अणूंचे फारसे दाद देत नाहीत, हे प्रयोगांतून दिसले आहे. सम अणूंच्या ऋणायनात एक इलेक्ट्रॉन एकटा असतो आणि ऑक्सिजन तोच ओढून घेतो. आपली पद्धत पाच अणूंच्या ऋणायनालाही सहाइतकाच घट्ट ऑक्सिजन चिकटवत असेल, तर दोष पद्धतीत किंवा इनपुटमध्ये आहे. ही तपासणी दोन दिवसांत होते आणि ती टाळू नये.

प्लॅटिनम, निकेल, लोह यांच्या समूहांत अनेक स्पिन अवस्था एकमेकींच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे तेथे चार-पाच बहुलता तपासाव्या लागतात. पहिले काम सोन्यावर करावे असे मी सुचवतो ते यामुळेच.

समूहाचा आकार शोधणे

सहा अणूंचे सोने गोळा होऊन बसत नाही; ते सपाट त्रिकोण होते, कॅरमच्या सोंगट्या तीन, दोन, एक अशा ओळींत मांडाव्यात तसे. सोन्याचे ऋणायन समूह सुमारे बारा अणूंपर्यंत सपाट राहतात, आणि वीस अणूंचा समूह मात्र सुबक चतुष्फलक असतो, ज्यात चार अणू कोपऱ्यांवर, बारा कडांवर आणि चार पृष्ठांच्या मध्यावर असतात. आत एकही नसतो. सपाटपणाकडे हा ओढा पुन्हा सापेक्षतेच्या परिणामांमुळेच येतो. पीबीई मात्र सपाट रचनांना गरजेपेक्षा झुकते माप देते, म्हणून दहाच्या पुढच्या समूहांत टीपीएसएसने फेरतपासणी करावी.

आपल्या सहा अणूंसाठी त्रिकोण, पंचकोनी पिरॅमिड, अष्टफलक आणि दोन-तीन वेड्यावाकड्या सपाट रचना हाताने बांधून प्रत्येकीचे ऊर्जा-न्यूनीकरण करावे, म्हणजे ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत अणू सरकू द्यावेत. अणू वाढले की हाताने बांधणे पुरत नाही आणि बेसिन-हॉपिंगसारखी शोधपद्धती वापरावी लागते: रचना थोडी विस्कटायची, पुन्हा स्थिर होऊ द्यायची, आणि नवी रचना स्वीकारायची की नाही हे ऊर्जेवरून ठरवायचे, असे शेकडो वेळा. एएसईमध्ये ही सोय आहे. शोध स्वस्त पद्धतीने करावा, पण अंतिम क्रमवारी डीएफटीनेच लावावी.

प्रत्येक अंतिम रचनेची वारंवारता-गणना अनिवार्य आहे. सर्व वारंवारता धन असतील तरच ती रचना खरोखर ऊर्जेच्या दरीच्या तळाशी आहे. एक जरी ऋण छापली गेली, जिला गणिती भाषेत काल्पनिक वारंवारता म्हणतात, तर ती रचना दोन दऱ्यांमधल्या खिंडीवर अडकलेली आहे असे समजून त्या कंपनाच्या दिशेने अणू किंचित सरकवून पुन्हा न्यूनीकरण करावे.

धातूंच्या समूहांत इलेक्ट्रॉन-घनता स्थिर होण्यास, म्हणजे एससीएफ कन्व्हर्ज होण्यास, वेळ लागतो. मंद गतीचे पर्याय वापरावेत, किंवा आधी लहान बेसिस सेटने मिळालेल्या कक्षकांपासून सुरुवात करावी. कृत्रिम तापमान देऊन इलेक्ट्रॉन अंशतः विभागण्याचा मार्गही आहे. परंतु तसे मिळालेल्या ऊर्जा सामान्य ऊर्जांमध्ये मिसळू नयेत.

रेणू बसवणे

ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड त्रिकोणाच्या कोपऱ्यावर, कडेच्या मध्यावर, पृष्ठावर सपाट, एका टोकाने, दोन्ही टोकांनी, अशा जितक्या वेगळ्या पद्धतींनी बसू शकतील तितक्या सुरुवातीच्या रचना घ्याव्यात. सममिती पूर्णपणे बंद करावी आणि रेणू किंचित तिरका ठेवावा, अन्यथा तो सममितीच्या कैदेत अडकतो. कार्बन मोनॉक्साइड धातूकडे कार्बनचे टोक करून बसतो. तरीही उलट बाजू एकदा तपासावी.

अधिशोषण ऊर्जा म्हणजे संयुक्त रचनेच्या ऊर्जेतून एकट्या समूहाची आणि एकट्या रेणूची ऊर्जा वजा केल्यावर उरणारा आकडा. तो ऋण असेल तर रेणू बांधला जातो. लहान बेसिस सेटमध्ये समूह आणि रेणू एकमेकांची फलने उसनी घेतात आणि खोटे आकर्षण निर्माण होते, त्यासाठी काउंटरपॉइज दुरुस्ती काढून तिचा आकार पाहावा. ती ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याहून मोठी असेल, तर बेसिस सेट वाढवणे हाच उपाय.

ऊर्जेइतकेच बंधाच्या लांबीकडे लक्ष द्यावे. मोकळ्या ऑक्सिजनमध्ये अणूंतील अंतर १.२१ आंगस्ट्रॉम असते, एक इलेक्ट्रॉन मिळून सुपरऑक्साइडसारखी स्थिती आली की ते सुमारे १.३३ ते १.३५ होते आणि पेरॉक्साइडमध्ये १.४९ च्या आसपास पोहोचते. केवळ या एका अंतरावरून समूहाने रेणूला किती इलेक्ट्रॉन दिला आहे याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज कंपनाच्या वारंवारतेशी जुळतो का ते पाहता येते: मोकळ्या रेणूची १५५६ प्रति सेंटिमीटर ही वारंवारता सुपरऑक्साइडमध्ये ११०० च्या जवळपास उतरते. अंतर, वारंवारता आणि स्पिन-घनता (एकटा इलेक्ट्रॉन कोणत्या अणूंवर आहे हे सांगणारी) या तिन्ही साक्षी एकच गोष्ट सांगत असतील, तरच तो निष्कर्ष लिहावा. मुलिकन प्रभारांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूंमध्ये वाटून काढलेल्या प्रभारांच्या, एका तक्त्यावर विसंबू नये, कारण डिफ्यूज फलने जोडताच ते आकडे भरकटतात.

खिंड शोधणे

आता दोन्ही रेणू समूहावर शेजारी बसलेली रचना ही सुरुवात, आणि समूहावर एक ऑक्सिजन अणू उरून कार्बन डायऑक्साइड सुटत असलेली रचना हा शेवट, असे दोन टोक धरावेत. मध्ये ऑक्सिजनच्या एका टोकाशी कार्बन जोडला गेलेला मध्यस्थ मिळतो का तेही पाहावे. मिळाल्यास वाट दोन पायऱ्यांत विभागावी आणि प्रत्येक पायरीची खिंड स्वतंत्र शोधावी.

वाट शोधण्यासाठी नज्ड इलॅस्टिक बँड ही पद्धत वापरतात. दोन टोकांच्या मध्ये आठ-दहा रचनांची माळ मांडली जाते, शेजारच्या रचना काल्पनिक स्प्रिंगने जोडल्या जातात, आणि सर्व माळ मिळून कमीत कमी ऊर्जेच्या वाटेवर स्थिरावते. २००० साली मांडल्या गेलेल्या सुधारणेमुळे माळेतील सर्वात उंच रचना थेट खिंडीच्या माथ्यावर चढवता येते. येथे एक अगदी साधी गोष्ट वारंवार चुकते: दोन्ही टोकांच्या फाइलींमध्ये अणूंचा क्रम तंतोतंत सारखा हवा. पहिल्या फाइलीतील सातवा अणू ज्या ऑक्सिजनचा, दुसऱ्या फाइलीतही सातवा तोच ऑक्सिजन. क्रम बदलला, तर माळेत अणू एकमेकांच्या आरपार जातात आणि अवाढव्य अडसर दिसतो. गणना सुरू करण्याआधी माळेचे चलचित्र पाहिले की ही चूक दोन मिनिटांत पकडली जाते.

सुरुवातीची माळ एक्सटीबीने काढावी, परंतु त्या पद्धतीच्या नेहमीच्या मांडणीत स्पिनवर अवलंबून असणारी ऊर्जा धरलेली नसते, म्हणून डब्लेट की क्वार्टेट हा निर्णय तिच्यावर सोडू नये. शेवटी खिंडीचा नेमका माथा डीएफटीने अचूक शोधून त्या रचनेच्या वारंवारता काढाव्यात. नेमकी एक काल्पनिक वारंवारता असावी आणि ते कंपन डोळ्यांनी पाहिले असता कार्बन जवळ येत आहे व ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध लांबत आहे असे दिसावे. समूहाच्या कोपऱ्यातला अणू डोलतानाची काल्पनिक वारंवारता मिळाली असेल, तर ती आपली खिंड नव्हे. त्यानंतर माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारी वाट काढावी आणि ती अपेक्षित दोन दऱ्यांतच पोहोचते हे दाखवावे.

सगळ्या पायऱ्या हाती आल्या की बेरीज करावी. एका संपूर्ण फेरीत कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू खर्च होतात, कार्बन डायऑक्साइडचे दोन तयार होतात आणि समूह मूळ रूपात परत येतो. म्हणून पायऱ्यांच्या ऊर्जांची बेरीज त्याच पद्धतीने काढलेल्या निव्वळ वायू-अभिक्रियेच्या ऊर्जेएवढी आलीच पाहिजे. त्यात समूहाचा काहीही वाटा उरत नाही. प्रयोगानुसार या फेरीची एन्थाल्पी −५६६ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे सुमारे −५.८७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. आपल्या पायऱ्यांची बेरीज आपल्याच वायू-अभिक्रियेशी जुळली नाही, तर कुठल्या तरी फाइलीत मांडणी वेगळी आहे. ती जुळली पण प्रयोगापासून दूर असली, तर तो फंक्शनलचा दोष आहे. या दोन दोषांची गल्लत करू नये.

ऊर्जेकडून वेगाकडे

आतापर्यंतची ऊर्जा निरपेक्ष शून्य तापमानाची आहे. वायूचा रेणू समूहावर बसला की त्याचे मोकळे फिरणे संपते, आणि त्याची किंमत मोठी असते: २९८ केल्व्हिनला आणि एक बार दाबाला ऑक्सिजनची एन्ट्रॉपी २०५ ज्यूल प्रति मोल प्रति केल्व्हिन आहे, तापमानाने गुणले असता ती ०.६३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. कार्बन मोनॉक्साइडसाठी हा आकडा ०.६१ येतो. अधिशोषण ऊर्जा −०.५ असलेला रेणू सामान्य तापमानाला समूहावर टिकेलच असे म्हणून सांगता येत नाही. वारंवारता-गणनेतून मुक्त ऊर्जा, म्हणजे एन्ट्रॉपीचा हिशेब धरलेली ऊर्जा, काढताना समूहाची अगदी मंद, वीस-तीस प्रति सेंटिमीटरची कंपने एन्ट्रॉपी अवास्तव फुगवतात. शंभराखालील वारंवारता शंभर धरणे किंवा ग्रिम यांची अर्ध-हार्मोनिक दुरुस्ती वापरणे यांपैकी एक मार्ग निवडून तोच सगळीकडे पाळावा.

मुक्त ऊर्जेचा अडसर मिळाला की आयरिंग समीकरणातून वेगाचा स्थिरांक निघतो. सामान्य तापमानाला अडसर ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर अभिक्रिया सेकंदाला सुमारे बावीस हजार वेळा घडते, आणि १.० असेल तर एका घटनेसाठी सरासरी साडेतीन तास लागतात. अडसरात ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक, जी डीएफटीत सहज होऊ शकते, वेगात सुमारे २४०० पटींची चूक होऊन बाहेर येते. म्हणून वेगाचे आकडे दोन सार्थ अंकांत लिहिण्याऐवजी दहाच्या घातांकात लिहावेत, आणि एका समूहाची दुसऱ्याशी तुलना करण्यावर भर द्यावा. तुलनेत पद्धतीची समान त्रुटी बऱ्याच अंशी कटते.

अणूंची प्रत्यक्ष हालचाल पाहावी, म्हणजे रेण्वीय गतिकी करावी, अशी इच्छा अनेकांना होते, आणि धातूचा समूह अभिक्रियेदरम्यान आकार बदलत असेल तर ती योग्यही आहे. परंतु अर्ध्या फेम्टोसेकंदाच्या पावलाने वीस पिकोसेकंद चालायला चाळीस हजार पावले लागतात, आणि ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अडसर ओलांडला जाण्याची सरासरी वाट पेचाळीस मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे त्या चलचित्राहून वीस लाखांपेक्षा अधिक पटींनी लांब. तापमान हजार केल्व्हिनला नेऊन अभिक्रिया घडवली, तर समूहच वितळून वेगळी वाट धरू शकतो. गतिकी आकार-बदल समजण्यासाठी वापरावी. अडसर खिंडीतूनच मोजावा. यंत्र-शिक्षणातून बनवलेले विभव वापरायचे असल्यास त्याच्या प्रशिक्षणात खिंडीजवळच्या रचना आणि योग्य प्रभार होते का, हे आधी विचारावे.

क्वांटम एस्प्रेसोसारख्या आवर्ती प्रणालीत, जी समूह ठेवलेली पेटी सर्व दिशांना पुन्हा पुन्हा मांडते, ऋणायन ठेवताना पेटीच्या प्रतिमा एकमेकांना जाणवतात आणि ही चूक पेटीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे अतिशय सावकाश, कमी होते. आपल्या समूहासाठी ऑर्का निवडण्यामागे हेच मुख्य कारण आहे. आधारावरच्या प्रभाररहित समूहासाठी मात्र आवर्ती पद्धतच नैसर्गिक ठरते, फक्त पृष्ठभागावर दहा-बारा आंगस्ट्रॉमची पोकळी सोडावी.

नोंदी

प्रत्येक गणनेसाठी वेगळी फोल्डर, आणि फोल्डरच्या नावात समूह, प्रभार, बहुलता, रेणू व फंक्शनल असावेत. «फायनल», «फायनल-नवा», «फायनल-खरा» अशी नावे सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाहीत. एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक रचनेसमोर एकूण ऊर्जा हार्ट्रीत (ऊर्जेचे दुसरे एकक), शून्य-बिंदू ऊर्जा (निरपेक्ष शून्यालाही उरणारी कंपनांची ऊर्जा), सर्वात कमी वारंवारता, स्पिनच्या वर्गाचे मूल्य आणि प्रणालीची आवृत्ती लिहावी. हार्ट्रीचे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये रूपांतर करताना २७.२११४ हा गुणक सर्वत्र तोच वापरावा, आणि रूपांतर वजाबाकीनंतर करावे, आधी नव्हे. प्रबंधाला जोडायच्या परिशिष्टात सर्व रचनांचे निर्देशांक मजकुराच्या स्वरूपात द्यावेत, चित्राच्या नव्हे, म्हणजे कलिन्यातला किंवा माटुंग्यातला पुढचा विद्यार्थी ते थेट आपल्या इनपुट फाइलीत उतरवून तीच ऊर्जा मिळते का हे एका दुपारी तपासू शकेल.